एरंगळचं समुद्रकाठचं देऊळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी डिसेंबर उजाडला की मला तेच ते फोन सुरू होतात. जत्रा कधी, बस कुठली, आम्ही ख्रिस्ती नाही तरी चालेल का, खायला काय मिळतं. मी राहतो मालाडला आणि गेली पंचवीसेक वर्षं जानेवारीचा एक रविवार एरंगळला, संत बोनाव्हेंचरच्या चर्चच्या जत्रेत काढतो. एवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे चर्च नेमकं आहे कुठे?

मालाड पश्चिमेला, मढच्या वाटेवर, एरंगळ गावात, अगदी पुळणीला लागून. मार्वे मागे टाकलं, अक्सा गेलं, दाणापाणी गेलं की एरंगळ येतं. पुढे भाटी आणि शेवटी मढ. रस्त्यावरून गावात शिरलात की घरांच्या मधून वाळू दिसायला लागते, आणि वाळूच्या कडेला पांढरं, बुटकं, जाड भिंतींचं चर्च. पहिल्यांदा जाणारा हमखास विचारतो, "एवढंसंच?" हो, एवढंसंच. वांद्र्याच्या मोत माउलीसारखे दोन उंच मनोरे डोळ्यांत भरवून तुम्ही आला असाल तर मोजमाप चुकणार.

किती जुनं आहे?

१५७५ सालचं. नुसता आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून मी नेहमी असं सांगतो: शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पंचावन्न वर्षं आधीचं. दिल्लीच्या गादीवर तेव्हा अकबर होता. इंग्रजांना मुंबई बेट पोर्तुगीजांकडून आंदणात मिळालं ते इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१च्या लग्नाच्या करारात, म्हणजे आणखी शहाऐंशी वर्षांनी.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आंदणात गेलं ते मुंबईचं बेट. साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून वरचा सगळा भाग, आणि मढ-मार्वेसारखी तिच्या कडेची बेटं पोर्तुगीजांकडेच राहिली. १५३४च्या वसईच्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख त्यांना दिला होता आणि पुढे दोनशे वर्षं तो त्यांच्या हातात होता. त्यामुळे फोर्ट-कुलाब्याचा इतिहास वाचून एरंगळ कळत नाही. इकडची नाळ वसईला जोडलेली. मालाड तर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ साली. तोवर ही सरळ सरळ गावं होती, आणि आतल्या आळीत गेलात तर अजूनही आहेत.

संत बोनाव्हेंचर कोण? हे नाव आपल्याकडे फारसं ऐकलेलं नाही.

तेराव्या शतकातले इटालियन साधू. बान्योरेज्जो नावाच्या गावचे. असिसीच्या संत फ्रान्सिसने काढलेल्या संघाचे ते प्रमुख झाले, पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, झाले आणि १५ जुलै १२७४ला लियों शहरात धर्मपरिषद चालू असतानाच वारले. संतपद मिळालं १४८२ साली.

मोठे तत्त्वज्ञ म्हणून त्यांची ख्याती आहे, पण मला आवडते ती त्यांची आख्यायिका. पोपचे दूत कार्डिनलची लाल टोपी घेऊन आले तेव्हा हे मठाच्या मोरीत खरकटी भांडी घासत होते. दूतांना म्हणाले, टोपी त्या झाडाला अडकवा, माझे हात ओले आहेत. आपल्या एकनाथ-चोखोबांच्या गोष्टींच्या पंक्तीला ही सहज बसेल.

आणि किनाऱ्यावरच्या या चर्चला त्यांचंच नाव का, याचं उत्तर त्यांच्या संघात आहे. साष्टीत धर्मप्रसाराला आधी उतरले ते फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे साधू. जेझुइट या दुसऱ्या संघाचे लोक त्यांच्या मागून आले. फ्रान्सिस्कनांनी आपल्या घरच्या संताचं नाव इथे आणलं.

जत्रा कधी असते?

जानेवारीचा दुसरा रविवार. तारीख दर वर्षी बदलते, पण ८ ते १४ च्या बाहेर जात नाही. २०२७ला १० जानेवारी. म्हणजे संक्रांतीच्या आगेमागेच. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं तिळगुळाचा पहिला डबा फुटतो तो एरंगळच्या वाळूवर.

संतांचा दिवस १५ जुलै, मग सण जानेवारीत कसा?

जुलैच्या मध्यावर एरंगळच्या पुळणीवर एक छत्री उघडून उभे राहा, उत्तर मिळेल. भर पावसाळा, समुद्र खवळलेला, मासेमारी १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदीने थांबलेली, कोळ्याच्या हातात पैसा नाही. जानेवारीत हवा गार, आकाश कोरडं, होड्या पाण्यात, शेतातलं भात घरात आलेलं. जत्रा भरवायची तर हाच महिना. देवळात १५ जुलै १५ जुलैच राहते; गावाचा सण मात्र गावाच्या हंगामाने चालतो.

जत्रेत असतं काय?

सकाळपासून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना. आत जागा मावत नाही म्हणून बहुतेकांची प्रार्थना बाहेर मांडवातच होते. मेणबत्त्या, फुलांचे हार, नवस फेडणारी माणसं. बाहेर दुकानांच्या रांगा: चणे, मिठाई, प्लास्टिकची खेळणी, बांगड्या, पाळणे. एवढं कुठल्याही जत्रेत असतं.

एरंगळचं वेगळेपण दुपारी कळतं. मिस्सा संपली की लोक घरी जात नाहीत. वाळूत आणि माडांच्या सावलीत चटया पसरतात, पातेली उघडतात. आमच्या जुन्या चाळीत एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, मावशी होत्या, मला पहिल्यांदा एरंगळला नेलं ते त्यांनी. त्यांच्या लहानपणी गावोगावहून बैलगाड्या निघायच्या. गाडीत गवत, गवतावर गोधड्या, त्यावर पोरं. मागे टोपल्यात कोंबड्या, जिवंत. गाड्या किनाऱ्यावर सोडायच्या, दोन बांबूंवर लुगडी टाकून आडोसा करायचा आणि दोन-तीन रात्री तिथेच मुक्काम. लग्नं जुळायची ती इथे. मावशींचं स्वतःचंही जुळलं, पण ते कुणामुळे हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "एक चण्याची पुडी होती," इतकंच म्हणायच्या आणि हसायच्या.

बैलगाड्या गेल्या, टेम्पो आले. चटई, पातेलं आणि दुपारची झोप मात्र टिकून आहे.

आम्ही हिंदू आहोत. गेलं तर चालतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात कमी गरजेचा आहे. जत्रेला सगळ्या धर्मांचे लोक हजारोंनी येतात. मेणबत्ती लावा, नमस्कार करा, नको असेल तर नुसते बसा. एक गोष्ट पाळा: मिस्सेत भाकर, म्हणजे कम्युनियन, देतात तेव्हा रांगेत उभे राहू नका. तो प्रसाद नाही. त्यांच्या श्रद्धेत त्याला फार वेगळा अर्थ आहे. कुणी तुम्हाला हटकणार नाही, पण ओशाळं व्हायची पाळी यजमानावर येईल.

जायचं कसं?

मालाड स्टेशन पश्चिमेहून २७१ नंबरची बस, मढ जेट्टीला जाणारी. एरंगळला उतरा. दुसरी वाट वर्सोव्याहून: जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पाच-सात मिनिटांत मढ, तिथून बस किंवा रिक्षाने मागे एरंगळला. अंधेरी-वर्सोव्याकडच्यांना हीच बरी. पावसाळ्यात फेरी बंद असते, तेव्हा भरवसा धरू नका.

जत्रेच्या दिवशी गाडी आणू नका. मढला जायला रस्ता एकच आणि तो अरुंद. एका वर्षी मी हुशारी करून गाडी काढली आणि मार्वे ते एरंगळ या अंतरात आमचा दुपारचा डबा गाडीतच संपला.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण? मुंबई तर देशाच्या पश्चिमेला.

नावात दिशा नाही, कंपनी आहे. साष्टी, वसई, मुंबई, ठाणे या पट्ट्यातले मूळचे कोळी, कुणबी, भंडारी, पाचकळशी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. काही मनाने, काही सवलतींसाठी, काही दडपणाखाली. तिन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि एकच गोष्ट पुढे करणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. पुढे इंग्रजी अमलात रेल्वे आणि आगबोटींनी गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईला आले. आडनावं तीच: डिसोझा, परेरा, फर्नांडिस. सरकारी नोकरीत स्थानिक कोण आणि बाहेरचा कोण हे कळेना. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तो मुहूर्त धरून इथल्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या आठवणीने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली.

गंमत अशी की ज्यांना आपण बाहेरचे समजून इंग्रजीत बोलायला जातो, ते या शहराचे आपल्यापैकी बहुतेकांहून जुने रहिवासी. मी स्वतः सातारकडचा. आमचे आजोबा मुंबईत आले ते गिरणीत कामाला.

ते घरी कुठली भाषा बोलतात?

मराठी. त्यांची स्वतःच्या वळणाची मराठी, ईस्ट इंडियन बोली; कोळी ख्रिस्त्यांची कोळी बोली. कान द्यायला लागतो, पण दहा मिनिटांत लय सापडते. चर्चला 'देऊळ' म्हणणारी माणसं या पट्ट्यात, विशेषतः वसईकडे, अजून भेटतात. म्हणून या लेखाच्या मथळ्यात मीही तोच शब्द ठेवला. क्रुसाला बोलीत खुरूस म्हणतात.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. तुम्ही सकाळी चावीने कुलूप उघडता, बालदीत पाणी भरता, पाव खाता, दाराची बिजागरी कुरकुरते, पहिल्या तारखेला पगार होतो, घरी बटाट्याची भाजी असते आणि उन्हाळ्यात हापूस. चावी, बालदी, पाव, बिजागरी, पगार, बटाटा, हापूस हे सातही शब्द पोर्तुगीजांकडून आलेत. नाताळ आणि पाद्री तर आहेतच. पुळणीवर उभं राहून पोर्तुगीज वारसा शोधणाऱ्यांना मी सांगतो, आधी आपलं तोंड तपासा.

मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा काय झालं?

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मढच्या टोकाला किल्ला आहे. काही लोक त्याला वर्सोव्याचा किल्ला म्हणतात, कारण तो खाडीच्या तोंडावर वर्सोव्यासमोर आहे. तो फेब्रुवारी १७३९मध्ये पडला आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई. गोरे पाद्री गेले. वसई पडल्यावर झालेल्या तहात काही मोजकी चर्च राखायचं कलम होतं. बाकीच्या कित्येक इमारती ओस पडल्या, त्यांचं लाकूड-दगड इतरत्र गेलं. श्रद्धा सांभाळली ती गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी आणि गावकऱ्यांनी. मराठ्यांकडून साष्टी इंग्रजांनी १७७४च्या अखेरीला घेतली.

वसईच्या विजयाचा मला अभिमान आहे, एरंगळचं देऊळही मला आपलं वाटतं. या दोन गोष्टींची मनात मारामारी व्हायलाच हवी असं काही लोकांना वाटतं. माझी होत नाही.

तुलनेसाठी अंधेरीचं उदाहरण घ्या. आज जिथे सीप्झ ही निर्यात कारखान्यांची वसाहत आहे, तिथे आत १५७९चं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, एरंगळहून चारच वर्षांनी धाकटं. एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगानंतर गाव उठून मरोळला गेलं आणि चर्च रिकामं पडलं. आज त्याला छप्पर नाही, भिंतींवर वडाची मुळं आहेत, आणि एरवी कारखान्यांच्या कुंपणाआड असलेल्या त्या अवशेषांत वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सा होते. दगड तोच, चुना तोच, कारागीर बहुधा त्याच तालमीचे. एका ठिकाणी गाव राहिलं, दुसऱ्या ठिकाणी उठलं.

समुद्राच्या एवढ्या जवळ भिंती टिकल्या कशा?

जाडी आणि चुना. त्या काळी या किनाऱ्यावर बांधकामाचा चुना शिंपल्या भाजून करायचे. भाजलेल्या शिंपल्या पाण्यात विरवायच्या, वाळू घालून बैलाने फिरवायच्या घाण्यात मळायच्या. असा चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. पण त्याचा मोठा गुण असा की त्याला बारीक छिद्रं राहतात. भिंतीत शिरलेलं खारं पाणी त्यातून बाहेर निघून सुकतं.

सिमेंटचा गिलावा हे होऊ देत नाही. पाणी आत कोंडतं, मीठ गिलाव्याच्या मागे साचतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि वरचा थर ढकलून पाडतात. आमच्या एका नातेवाइकांच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घराला कंत्राटदाराने 'एकदम मजबूत' म्हणून सिमेंट थापून दिलं. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ताटाएवढा पोपडा हातात आला, मागे पांढरं पीठ. बोटाला लावून चाखलं तर खारट. त्या दिवसापासून जुन्या भिंतीला चुन्याशिवाय काही लावू म्हणणाऱ्याशी मी भांडतो. चुन्याची सफेदी दर एक-दोन वर्षांनी काढावी लागते ही तक्रार खरी आहे. पण दर वर्षी रंगणारी भिंत दर वर्षी कुणाच्या तरी नजरेखालूनही जाते.

खायला काय मिळतं?

दुकानात जत्रेचा खाऊ. खरं जेवण लोकांच्या पातेल्यात असतं, आणि ते विकत मिळत नाही, ओळखीने मिळतं.

फुगे मिळाले तर सोडू नका. मैदा, अंडं, नारळाचं दूध आणि आंबवायला ताडी. मावशी ते पीठ डाव्या मुठीत घ्यायच्या, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून पिळून सुपारीएवढा गोळा वर काढायच्या आणि उजव्या हाताच्या ओल्या बोटाने तेलात सोडायच्या. गोळा बुडतो, वर येतो, फुगतो आणि आपला आपण कूस बदलतो. नाही बदलली तर पीठ कच्चं राहिलंय म्हणायच्या आणि पातेलं पुन्हा झाकून ठेवायच्या.

दुसरी गोष्ट बाटली मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद आणि पंचवीसेक जिन्नस वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळीत मुसळाने कांडायचे आणि बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे. गडद काच उजेडापासून राखते म्हणून बाटली, त्यावरून नाव. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सुनेलाही लगेच सांगत नाहीत.

पोहायला समुद्र चांगला आहे का?

नाही. मढ-अक्साच्या या सगळ्या पट्ट्यात दर वर्षी माणसं बुडतात. शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. पाय भिजवा, मागे या.

भरतीची वेळ काढायची तर कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते, ठाऊक आहे मला. पण रेंज गेली तर कालनिर्णय उपयोगी पडतं.

फोटो काढता येतात का?

बाहेरून हो. आत मिस्सा चालू असताना नको. माणसांचे काढायचे तर विचारून.

आणि प्री-वेडिंग शूट?

मढचा किनारा शूटिंगवाल्यांनी व्यापलेला आहेच, बंगलेच्या बंगले त्यावर चालतात. चर्चच्या आवारात काही करायचं तर आधी तिथल्या फादरांची परवानगी घ्या. मागे एकदा एका जोडप्याचा फोटोग्राफर खुरसाच्या चौथऱ्यावर दिव्याचा स्टँड रोवून उभा होता. मासळी वाळवणाऱ्या एक आजी जवळ आल्या, काही बोलल्या नाहीत, स्टँड उचलला, वाळूत नेऊन ठेवला आणि परत आपल्या कामाला लागल्या. फोटोग्राफरने सॉरी म्हणायच्या आत त्यांची पाठ फिरली होती.

जवळपास आणखी काय बघता येईल?

मढ गावातलं हरबादेवीचं मंदिर, कोळ्यांचं श्रद्धास्थान. किल्ल्याजवळचं किल्लेश्वराचं मंदिर. किल्ला स्वतः हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. बाहेरून तट बघा.

पण माझा आग्रह भाटी-एरंगळच्या वाळवणाच्या जागेचा. बांबूच्या आडव्या दोऱ्या-काठ्यांवर बोंबील टांगलेले असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दांडीवर घालायची, एक इकडे, एक तिकडे. खिळा नाही, गाठ नाही; माशाच्या स्वतःच्या दातांवर सगळा भार. बाई एका मिनिटात किती जोड्या अडकवते ते मी मोजायचा प्रयत्न केला होता. तीसनंतर माझी मोजदाद चुकली, तिची चाल नाही चुकली. वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी संध्याकाळी सुक्या बोंबलाची चटणी मागू नये.

या जागेला सरकारी संरक्षण वगैरे आहे का?

मुंबईत वारसा इमारतींचे नियम १९९५पासून आहेत. त्यांत इमारतींची प्रतवारी होते आणि दुरुस्तीपूर्वी वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. किनाऱ्यावरच्या बांधकामाला १९९१पासून सीआरझेडचे नियम आहेत, अधूनमधून बदललेले.

माझी तक्रार कागदाच्या आकाराबद्दल आहे. वारशाच्या यादीत इमारत येते. तिच्यासमोरची वाळवणाची पुळण, होड्या ओढायची वाट, गावठाणातले खुरूस, विहीर, हे येत नाही. गावठाणांच्या हद्दी नीट मोजल्या जाव्यात म्हणून कोळी आणि ईस्ट इंडियन वर्षानुवर्षं मागणी करताहेत. त्यात वर्सोवा ते मढ पूल बांधायची महापालिकेची योजना आहे. पुलाने मालाडचा वळसा वाचेल, आजाऱ्याला दवाखाना जवळ येईल, हे गावातलेच लोक सांगतात. पूल आला की जमिनीचा भाव कुठे जाईल, हेही तेच सांगतात, त्याच दमात. मी मालाडच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांना कुठली बाजू घ्या म्हणणार?

जत्रेशिवाय गेलं तर काही बघायला मिळतं का?

मला विचाराल तर पहिल्यांदा जत्रेला जा आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या बुधवारी, चारच्या बसने. दार उघडं असेल तर आत जाऊन पाच मिनिटं बसा, बंद असेल तर बाहेरच्या कठड्यावर. जाड भिंतीला पाठ लावली की दिवसभराचं ऊन अंगाला लागतं. समोर मुलं क्रिकेट खेळत असतात आणि चेंडू देवळाच्या आवारात गेला की आउट, असा त्यांचा नियम आहे. मी गेलो होतो तेव्हा एका पोराने तसाच फटका मारला, चेंडू येऊन माझ्या पायाशी पडला. मी तो फेकण्यापूर्वी सगळे ओरडले, "काका, सांगा ना, आत पडला की बाहेर?" मी बाहेर म्हणालो. खरं तर आत पडला होता.